घाटवाटेला कायद्यात व्याख्या द्या : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड यांच्यासह बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा आपल्या राज्यातले. मराठी माणसाला याचा जितका अभिमान वाटावा तितका थोडाच. पण यांतले सह्याद्रीतले बहुतेक डोंगरी किल्ले नजर कशावर ठेवून होते? कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांवर. मीठ, धान्य, कापड, घोडी, फौजा, सगळे याच वाटांनी वर-खाली होत होते. पहारेकऱ्याला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट. ज्या वाटेसाठी तो पहारा होता, ती वाट मात्र आपल्या एकाही कायद्यात व्याख्येसह सापडत नाही.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. घाटवाटा आणि ऐतिहासिक पायमार्ग यांची व्याख्या करणारा आणि त्या व्याख्येत बसणाऱ्या वाटांना संरक्षण देणारा कायदा करा. निधी नंतर, फलक नंतर, पर्यटन महोत्सव तर त्याहूनही नंतर. आधी व्याख्या.

मी जमिनीच्या दाव्यांत काम करणारी वकील आहे आणि सुट्टीला सह्याद्रीत चालते. ही दोन्ही कामे एकमेकांना भेटली ती गाव नकाशावर. कोकणातल्या एका वाडीमागून देशावर चढणारी एक नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद चढण, आहे. मध्यावर कातळात कोरलेली पाण्याची पोढी, वरच्या टप्प्यात खोदीव पायऱ्या, त्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि खिंडीत शेंदूर फासलेली वाघजाई. वरच्या वस्तीवरचे धनगर या वाटेने आजही खाली बाजाराला येतात. पायथ्याची जमीन विकली गेली, घेणाऱ्याने तारेचे कुंपण घातले, फाटकाला कुलूप लागले. वाडीतले लोक माझ्याकडे आले. मी वरच्या आणि खालच्या दोन्ही गावांचे नकाशे भूमी अभिलेखातून काढले. खालच्या गावाच्या नकाशावर एक तुटक रेषा, म्हणजे पायमार्ग, त्या जमिनीतून सरळ डोंगराकडे जाते आणि गावाच्या शिवेवर थांबते. पुढे वनखात्याचा गट, तो कोरा. वरचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या नकाशावर शिवेपासून गावठाणापर्यंत काहीच नाही. कागदावर ती वाट डोंगराच्या तळाशी जाते आणि तिथेच संपते. अशी वाट कोणी कशासाठी पाडली असेल, हे विचारण्याची सोय दोन जिल्ह्यांच्या कोणत्याही टेबलावर नाही, कारण अर्धी वाट एकाची आणि अर्धी दुसऱ्याची. सध्या लोक कुंपणाला वळसा घालून ओढ्यातून जातात. पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद.

आता कायदे पाहू या, कारण आपण कायदे करणारे आहात.

शेताला जायला रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढता येतो. त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. दोन्ही तरतुदी शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत आणि मी त्या रोज वापरते. पण दोन्हींत वाटेच्या टोकाला शेत लागते. घाट उतरून बाजाराला जाणाऱ्या धनगराचे शेत ना खाली असते ना वर. १८८२ च्या इझमेंट कायद्यात वीस वर्षांच्या उघड, अखंड वहिवाटीने हक्क मिळतो, पण तोही मुख्यतः एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर. जी वाट सगळ्यांची आहे ती नेमक्या कोणाच्या नावाने मागायची?

महसूल संहितेचे कलम २० म्हणते की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. ठीक. पण अमुक वाट सार्वजनिक आहे हे सिद्ध कोणी करायचे? चालणाऱ्याने. त्याच संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. गावात खाजगी जमिनींवरून जाण्या-येण्याचे, पाण्याचे आणि मासेमारीचे जे रिवाज असतील ते जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून नोंदवायचे. तरतूद फार शहाणपणाची आहे. घाटमाथ्याच्या गावांत मला तरी ही नोंद कधी पाहायला मिळालेली नाही.

जंगलात शिरले की चित्र आणखी बिकट होते, आणि बहुतेक घाटवाटांचा मधला टप्पा जंगलातच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २५ वन अधिकाऱ्याला राखीव जंगलातली कोणतीही सार्वजनिक किंवा खाजगी वाट राज्य शासनाच्या मंजुरीने बंद करण्याचा अधिकार देते. अट एवढीच की सोयीची पर्यायी वाट आधीपासून असावी किंवा करून द्यावी. इंग्रजांच्या काळातला हा कायदा, पण निदान वाट म्हणजे काहीतरी आहे, तिच्या बदल्यात काही द्यावे लागते, एवढे तरी त्याने मानले. आज वाटा बंद होतात त्या अशा आदेशाने होत नाहीत. नुसत्या एका पाटीने होतात, आणि पर्यायाचा प्रश्न उद्भवतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यात परवान्याशिवाय कोणाला जाता येईल याची यादी आहे. सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून जाणारा माणूस त्या यादीत आहे. म्हणजे मोटारीच्या रस्त्याने गेलात तर हरकत नाही. कर्जतच्या खांडसवरून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकराला पायी जाणारा यात्रेकरू कोणत्या वर्गात बसतो? महाशिवरात्रीला माणसे या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या चढत आली. त्यांचे जाणे आजही अधिकाऱ्याच्या समजूतदारपणावर चालते. बहुतेक अधिकारी समजूतदार असतात, हे मी अनुभवाने सांगते. पण समजूतदारपणाची बदली होते.

राहिला पुरातत्त्वाचा कायदा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे काय याची लांबलचक व्याख्या आहे. इमारत, दफनाची जागा, गुहा, शिल्प, शिलालेख, एकाश्म. शंभर वर्षे जुने असले म्हणजे झाले. त्या व्याख्येत वाटही येते, पण कशी? स्मारकापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून. वाट स्वतःच स्मारक असू शकते, हे तिथे कोणाला सुचलेलेच दिसत नाही. नाणेघाटाचे उदाहरण घ्या. जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही सातवाहनांची वाट. वर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेले लेणे आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि मधे डोंगर कापून केलेली अरुंद खिंड आहे, जिच्यातून दोन हजार वर्षे माणसे आणि जनावरे गेली. लेणे व्याख्येत बसते, लेख बसतो. पण लेणे तिथे का कोरले? वाट होती म्हणून. लेण्यापासून खाली वैशाखरेपर्यंत उतरणारा सगळा मार्ग कायद्याच्या दृष्टीने दोन स्थळांमधली मोकळी जागा आहे.

हे असेच असायला हवे असे नाही. अमेरिकेने २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पायमार्ग प्रणालीचा कायदा केला. तो देश आपल्यापेक्षा वेगळा, जमिनीचा इतिहास वेगळा, तिथल्या मूळ रहिवाशांचे त्या वाटांवर काय झाले तेही विसरता येत नाही. पण त्या कायद्यातले व्याख्यांचे काम वकील म्हणून वाचले तेव्हा मी थक्क झाले. त्यांनी सगळ्या वाटांना एकाच मापाने मोजले नाही. शहरांच्या आवाक्यातल्या विरंगुळ्याच्या वाटा वेगळ्या ठेवल्या; त्यांना मान्यता द्यायला खात्याचा मंत्री पुरेसा. लांब पल्ल्याच्या निसर्गवाटा वेगळ्या. अॅपलेशियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या दोघींना मूळ कायद्यानेच मान्यता मिळाली, आणि नवी वाट जोडायची तर संसदेचाच कायदा हवा. या वाटांना जोडणाऱ्या उपवाटांचा वर्ग आणखी वेगळा. १९७८ मध्ये दुरुस्ती करून त्यांनी ऐतिहासिक मार्गांचा वर्ग आणला. ऑरेगॉन मार्ग, लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचा मार्ग, अलास्कातला इडिटारॉड हे त्यातले पहिले.

या ऐतिहासिक मार्गाच्या निकषांवर मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छिते. मार्ग वापराने प्रस्थापित झालेला असावा, आणि त्या वापरामुळेच त्याला ऐतिहासिक महत्त्व आलेले असावे. तो आज जमिनीवर वाट म्हणून ओळखू येत असलाच पाहिजे असे नाही. तो कुठून जात होता हे पुरेसे माहीत असले म्हणजे झाले. त्याला राष्ट्रीय पातळीवरचे महत्त्व हवे, आणि लोकांना तिथे चालण्यासारखे किंवा इतिहास समजून घेण्यासारखे काही हवे. यांतला पहिला निकष पुन्हा वाचा. बांधकाम नाही, फरसबंदी नाही, मैलाचा दगड नाही. वापर. माणसे चालली म्हणून ती वाट. आपल्या घाटवाटांचे सगळे सत्य या एका निकषात आहे.

त्या कायद्याने खाजगी जमिनीवर धाड घातली नाही, हेही पाहा. ऐतिहासिक मार्गाचे जे तुकडे केंद्र सरकारच्या जमिनीत आहेत आणि निकषांत बसतात, तेवढेच सुरुवातीला संरक्षणाखाली येतात. बाकीचे तुकडे राज्ये, स्थानिक संस्था किंवा खाजगी मालक स्वतः अर्ज करतील तेव्हा तपासून प्रमाणित करायचे.

इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने दुसरे काम केले. प्रत्येक काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलांनी आपापल्या वाटांची पाहणी केली, हरकती ऐकल्या गेल्या, आणि एकदा नकाशावर आलेली वाट हा तिथे लोकांच्या चालण्याच्या हक्काचा निर्णायक पुरावा झाला. आपली ग्रामसभा हे काम पॅरिश कौन्सिलपेक्षा चांगले करील, अशी माझी खात्री आहे. कोणती वाट ढोरवाट, कोणती पावसाळ्यात वाहते, कोणत्या वाटेने पूर्वी वरात जायची, हे गावातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. ती माणसे आहेत तोवर नकाशे करून घ्या.

नुसती मागणी करून थांबू नये, म्हणून व्याख्येचा एक मसुदा पुढे ठेवते:

«घाटवाट» म्हणजे सह्याद्रीच्या माथ्याच्या दोन बाजूंची गावे, बाजारपेठा, बंदरे, किल्ले किंवा देवस्थाने यांना जोडणारा आणि माणसांच्या व जनावरांच्या दीर्घकालीन पायी वापराने प्रस्थापित झालेला मार्ग. मग त्यावर बांधकाम असो वा नसो, तो सध्या अखंड दिसत असो वा नसो, आणि तो वनजमिनीतून, शासकीय जमिनीतून किंवा खाजगी जमिनीतून जात असो. आणि त्यात मार्गावरील व मार्गालगतच्या पायऱ्या, फरसबंदी, पाण्याची टाकी, चौक्या, लेणी, शिलालेख, वीरगळ, देवस्थाने व खुणेचे दगड यांचा समावेश होतो.

यातला ‘अखंड दिसत असो वा नसो’ हा भाग काढण्याचा आग्रह होईल, तो मानू नका. भोर घाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे वर चढली, आणि लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी गजबजलेल्या आजूबाजूच्या वाटा ओस पडल्या. वापर घटला की कारवी वाट गिळते, दरड कोसळली की दोन टप्पे तुटतात. वाट दिसेनाशी झाली म्हणजे ती नव्हतीच, असे धरले तर ज्याने कुंपण घातले त्याचा दावा पहिल्याच पावसाळ्यात पक्का होईल.

आणखी एक व्याख्या लागेल, आणि ती मला घाटवाटेच्या व्याख्येइतकीच महत्त्वाची वाटते. ती म्हणजे ‘देखभाल’. आपल्याकडे एखाद्या जागेला दर्जा मिळाला की तिथे सिमेंट पोहोचते. खोदीव पायऱ्यांवर काँक्रीट ओतलेले, जुन्या टाक्याला फरशी लावलेली, खिंडीत रंगीत दिवे बसवलेले मी पाहिले आहे. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कंत्राटात जे शब्द होते ते त्यांनी केले. म्हणून कायद्यातच लिहा की देखभाल म्हणजे पावसाळ्यानंतर रान काढणे, पडलेला दगड त्याच जागी बसवणे, टाक्यातला गाळ उपसणे, चुकीच्या फाट्यावर खूण करणे. जीव जाण्याचा धोका असेल तिथे लोखंडी कठडा. बाकी नाही. आणि घाटवाटेवर मोटारवाहन नाही, दुचाकीसुद्धा नाही.

हे का म्हणते, तर दर्जा दिला पण पायी चालण्यासाठी वेगळा वर्ग ठेवला नाही की काय होते, ते पालखी मार्गावर दिसते. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांना राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि त्यात वारकऱ्यांसाठी बाजूने पायी मार्ग धरला गेला. पायी मार्ग धरला हे उत्तमच. पण विचार करा, शेकडो वर्षे पायी चाललेल्या दिंडीची वाट वाचवायला आपल्याकडे तिला आधी महामार्ग म्हणावे लागले. कारण निधी, भूसंपादन, देखभाल हे सगळे ज्या खात्यात बसते, त्या खात्याला चालणाऱ्या माणसाची वाट हा प्रकार माहीत नाही. आपल्या राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यातही राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग अशा पायऱ्या आहेत, आणि कोणताही ‘रस्ता, वाट किंवा जमीन’ त्या खाली घोषित करता येते. तिथे पायमार्गाचा एक वर्ग वाढवणे हा स्वतंत्र कायद्याहून सोपा मार्ग ठरू शकतो. विधी विभागाने तेही तपासावे.

हरकती येतील, आणि त्या रास्त आहेत. शेतकऱ्याला वाटेल की वाट घोषित झाली म्हणजे जमीन गेली. त्याला कायद्यानेच सांगावे लागेल की मालकी त्याचीच राहते, सातबारा त्याच्याच नावाचा राहतो, पीक उभे असताना बांधावरून वळवण्याची मुभा त्याला असते, आणि त्याच्या जमिनीतून जाणारा तुकडा संरक्षणात घ्यायचा तर आधी त्याच्याशी करार होतो. अपवाद एकच हवा. गाव नकाशावर पायमार्ग आधीपासून आहे आणि घेणाऱ्याने तो बघून जमीन घेतली आहे, तिथे फाटक उघडलेच पाहिजे. वनखात्याला वाटेल की अभयारण्यात गर्दी होईल. गर्दी आजही होते, आणि ती जिथे व्हायची तिथेच होते. शनिवार-रविवारी दोन-चार प्रसिद्ध किल्ल्यांवर पाय ठेवायला जागा नसते. हंगाम, संख्या, मुक्कामाला बंदी हे सगळे घोषित वाटेवरच ठरवता येते. बेनाम वाटेवर नियम लावणार कशाला? घाटातल्या गवळी धनगरांना आणि महादेव कोळ्यांना मात्र या नियमांच्या वर ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पशुपालकांचा हंगामी ये-जा करण्याचा हक्क मानला आहे, तो इथे कमी होता कामा नये. शहरातून आलेल्या ट्रेकरसाठी केलेल्या नियमाने धनगराच्या पोराचा शाळेचा रस्ता अडला तर हा कायदा न केलेला बरा.

राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षितता यांविषयी बोलते, आणि ते आवश्यकच आहे. पण ज्या वाटेवर लोकांना न्यायचे ती वाट कायद्यात कुठे आहे, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा.

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तीन वाटा घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली नाणेघाट, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिच्याविषयी कोणाचाच वाद होणार नाही. दुसरी कुरवंडे घाट ते उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवरायांनी कारतलबखानाची फौज याच अरुंद खिंडीत कोंडली. चावणीजवळ स्मारक उभे आहे, पण ज्या उतारामुळे ती लढाई जिंकता आली त्या उताराला संरक्षण नाही. तिसरी पन्हाळा ते विशाळगड. जुलै १६६० च्या त्या रात्रीच्या वाटेवर दरवर्षी आषाढात तरुण मुले भर पावसात, चिखलात पाय रुतवत चालतात. ती वाट आज काही ठिकाणी शेतात आहे, काही ठिकाणी डांबराखाली, काही ठिकाणी रानात. नेमकी कुठल्या बांधावरून शिवरायांची पालखी गेली हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. व्याख्येची खरी कसोटी तिथेच लागेल. या तीन वाटा ज्या व्याख्येत बसतील, तिच्यात सह्याद्रीतली कोणतीही वाट बसेल.

शासनाने विधेयक आणावे हे सर्वांत चांगले. ते होईपर्यंत आपल्यापैकी कोणीही अशासकीय विधेयक मांडू शकतो, आणि त्याला पक्षाचा रंग असण्याचे कारण नाही. ठाणे, रायगड, पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक, अहिल्यानगर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या घाटालगतच्या सदस्यांच्या मतदारसंघांत अशी एक तरी वाट आहे. मसुद्याचे काम करायला माझ्यासारखे वकील आणि वाटा दाखवायला त्या-त्या गावचे वाटाडे विनामोबदला येतील. येत्या अधिवेशनापूर्वी आपल्या मतदारसंघातल्या घाटाखालच्या आणि घाटावरच्या एका गावाचे नकाशे भूमी अभिलेखातून मागवा, शेजारी शेजारी ठेवा, आणि शिवेवर तुटक रेषा जुळते का ते पाहा. नाही जुळली तर तो कागद सभागृहात घेऊन या.

आपली विनीत,
एक वकील, पुणे